डाव्या सीटवरचा ब्रेक

संगमनेरात सॅम्युएल भालेराव कोण म्हणून विचारलंत, तर दहातले आठ जण मान हलवतील, माहीत नाही म्हणून. 'सॅममास्तर' म्हटलंत, की तेच आठ जण म्हणतील, "अहो, त्यांनीच तर मला गाडी शिकवली." उरलेल्या दोघांच्या बायकांना शिकवलेली असते.

चोवीस वर्षं हा माणूस गाडीच्या डाव्या सीटवर बसून आहे. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, गिअर दुसऱ्याच्या हातात आणि जीव मात्र स्वतःचा. मास्तरांच्या वाट्याला एकच हत्यार, पायाखालचा जादा ब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलाच पाहिजे, असा नियम आहे. त्याशिवाय स्कूल चालवता येत नाही. मास्तरांनी आपलं पेडल दाबलं की सीटखालून गेलेली केबल ताणली जाते आणि शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातं. शिकणाऱ्याला वाटतं, भूत आलं. मास्तर म्हणतात, "भूत नाही, मी आहे. समोर बघा."

इतक्या वर्षांत तो पाय अंगात मुरला. एसटीत बसले तरी वळणावर यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबतो. घरी टीव्हीवर कुणी जोरात गाडी पळवली की पाय सोफ्यापुढची सतरंजी दाबतो. रविवारी चर्चमध्ये पाळकांचा उपदेश लांबला की पाय हळूच खाली जातो, आणि शेजारी बसलेली मरिया, त्यांची बायको, कोपराने ढोसते. मरिया प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, "अहो, निदान देवाच्या घरी तरी दुसऱ्याला चालवू द्या."

गाडीचं वेड वडिलांकडून आलं. एलिया भालेराव नेवासा तालुक्यातल्या एका मिशन दवाखान्यात जीपवर ड्रायव्हर होते. जीप बाहेर काढली की ते आवारातच दहा पावलं नेऊन ब्रेक मारून बघत, मगच फाटकाबाहेर पडत. आत पेशंट कण्हत असे. नर्सबाई ओरडायच्या, "एलिया, अहो पेशंट आत आहे!" एलिया म्हणायचे, "म्हणूनच." सॅम्युएलनं दहा वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि मग जुन्या पुणे रस्त्यावर एका गाळ्यात स्वतःचं स्कूल काढलं. एक पांढरी गाडी, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. रोज सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आत मास्तर उजव्या सीटवर बसायचे, गाळ्यासमोर दहा पावलं गाडी नेऊन ब्रेक मारायचे, मग हँडब्रेक ओढून बघायचे. चोवीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी गाळ्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, खांद्याला पिशवी, पायात पांढरे स्पोर्ट शूज.

"मास्तर तुमीच का?"

"मीच. कुणाला शिकायचंय? मुलाला?"

"मला."

मास्तरांनी फॉर्म पुढं ओढला. नाव रंगुबाई छगन खेमनर. गाव साकूरच्या बाजूला, पठारावरची वस्ती.

"वय?"

"आधारावर सत्तावन्न हाय. खरं दोन-तीन वर्सं इकडं-तिकडं."

"आणि गाडी कशाला शिकायची?"

रंगुबाई खुर्चीवर टेकली. नवरा छगन एकोणीस घरांचं दूध पिकअपमधून संकलन केंद्रावर न्यायचा. दिवाळीनंतर त्याची नजर गेली. पुरी नव्हे, पण मधोमध काळा डाग दिसायला लागला. परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली नाही. मुलगा पुण्यात कंपनीत. दुसऱ्याचा टेम्पो येतो, पण त्याच्या मर्जीनं येतो.

"आन् गायीला सांगून चालत न्हाई ना मास्तर, आज जरा उशिरा दे म्हणून."

मास्तर हसले. शिकाऊ परवान्याची परीक्षा तिनं पहिल्या फटक्यात पास केली, पंधरातले चौदा. चुकलेला एक प्रश्न कोणता हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मास्तरांच्या स्कूलात पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा रिवाज. पहिला दिवस ब्रेकचा. गाडीचं दार उघडून ते उभे राहिले आणि शेकडो वेळा सांगितलेलं पुन्हा तितक्याच हौसेनं सांगू लागले. "हे बघा रंगुबाई, कायद्यानं चारचाकीला दोन ब्रेक लागतात. एक पायाचा, एक हाताचा. दोघांचं एकमेकांवर अडता कामा नये. पायाचा निकामी झाला तर हाताच्यानं गाडी आवरता आली पाहिजे. आणि हँडब्रेक एकदा ओढला की आत माणूस नसला तरी गाडी जागची हलायची नाही. उतारावर उभी असली तरी नाही."

रंगुबाईनं विचार केला. "म्हंजी एका घरात दोन चुली."

"बरोब्बर!" मास्तरांना इतकं सोपं कधी सुचलं नव्हतं.

"मंग आमच्या पिकअपला दुसरी चूल न्हाई."

"म्हणजे?"

"हँडब्रेक मीच हाय. गाडी थांबली रं थांबली, की मी मागनं उडी मारायची आन् चाकाखाली दगड सारायचा. बावीस वर्सं झाली. आता तर दगडबी गुळगुळीत झालाय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे बेकायदा आहे."

"दगड?"

"दगड नाही हो, हँडब्रेक नसणं! तपासणीत गाडी पास कशी होते?"

"त्या दिसापुरता आवळून घ्येत्यात. आठ दिसात परत ढिला."

मास्तरांनी तिथल्या तिथं अट घातली. पिकअपचा हँडब्रेक कायमचा दुरुस्त झाल्याशिवाय पक्क्या परवान्याच्या परीक्षेला पाठवणार नाही. रंगुबाईनं पिशवीतून मोबाईल काढला आणि समोरच नवऱ्याला फोन लावला. "अवो, ऐकताय का? हँडब्रेक नीट करून घ्या. मास्तर म्हणत्यात, बायकू म्हणजे हँडब्रेक न्हवं." पलीकडून छगन काहीतरी बोलला. रंगुबाई म्हणाली, "व्हय, कायदाच हाय तसा," आणि फोन ठेवून दिला.

पहिला आठवडा मास्तरांच्या पायाची सत्त्वपरीक्षा होती. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची. बाजार समितीच्या कोपऱ्यावर एक म्हैस, अकोले नाक्यावर एक हातगाडी, एकदा तर बँकेच्या दारात उभा असलेला सिक्युरिटीवाला. सगळ्यांना मास्तरांच्या उजव्या पायानं वाचवलं. दर वेळी रंगुबाईच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं आणि ती दचकून डावीकडं बघायची.

दुसऱ्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, बाई एकदम सुधारली. आणि तिचं ब्रेक लावणं असं, की मास्तर बघत राहिले. लांबूनच हलका पाय, मग थोडा जोर, आणि थांबायच्या क्षणाला पुन्हा किंचित सैल. डॅशबोर्डवरचा पाण्याचा ग्लास हिंदकळू नये, अशी गाडी उभी राहायची. सगळे विद्यार्थी कचकन थांबवतात, मास्तरांचं डोकं कोंबडीसारखं पुढं-मागं होतं. ही कुठून शिकली?

"मागं बसून," रंगुबाई म्हणाली. "बावीस वर्सं कॅनांच्या मधी बसलेय मास्तर. ह्यांनी जोरात ब्रेक मारला की झाकण उडायचं आन् दूध माझ्या लुगड्यावर. कुठं, किती दाबाय पायजे हुतं ते मला मागंच कळायचं. पन सांगायची सोय हुती का?"

सतराव्या दिवशी मास्तरांनी तिला चंदनापुरी घाटात नेलं. जाताना चढण, घारगावच्या बाजूनं परत येताना उतार. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, बेतानं. पुढं कांद्यानं भरलेला टेम्पो. वळण संपता संपता त्या टेम्पोतून एक गोणी घसरली, फाटकन रस्त्यावर फुटली, आणि टेम्पोवाल्यानं आरशात काय बघितलं देव जाणे, जागच्या जागी ब्रेक मारला.

मास्तरांचा पाय पेडलावर आदळला. गाडी सरळ रेषेत, चाकं न घसरता थांबली. टेम्पोच्या मागच्या फळीत आणि बॉनेटमध्ये वीतभर अंतर उरलं. लाल कांदे चाकांखालून उताराला निवांत गडगडत निघाले.

मग मास्तरांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "बघितलंत? म्हणून नियम असतो. माझा ब्रेक नसता तर आज आपण कांद्यात होतो."

रंगुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि टेम्पोवाल्याला कांदे गोळा करून देऊ लागली.

त्या दिवशी मास्तर खुशीत होते. चहाच्या टपरीवर घाटाचा किस्सा सांगितला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगितला, जेवताना मरियाला सांगितला. प्रत्येक खेपेला टेम्पो थोडा मोठा होत गेला आणि अंतर थोडं कमी.

शनिवारी गाडी घुलेवाडी फाट्यावर हर्षलच्या गॅरेजात नेली, ब्रेकचे लायनर बघून घ्यायला. हर्षल पूर्वी मास्तरांचाच विद्यार्थी. गाडी वर उचलून तो खाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मास्तर," खालूनच आवाज आला, "तुमच्या बाजूची केबल तुटलीय."

"कसली केबल?"

"तुमच्या ब्रेकची. आत्ताची नाही. तुटलेल्या टोकाला गंज चढलाय. दोन आठवडे तरी झाले असतील."

"काहीतरीच. परवाच मी घाटात..."

हर्षल बाहेर आला, डावं दार उघडलं आणि हातानं पेडल दाबलं. पेडल खाली गेलं, स्प्रिंगनं वर आलं. उजवीकडचं पेडल तसूभरही हललं नाही. "स्प्रिंग शाबूत आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही. पायाला वाटतं दाबलं."

मास्तर गॅरेजमधल्या टायरवर बसले. दोन आठवडे! रंगुबाई सोडून आणखी दहा जण त्या गाडीत शिकत होते. कॉलेजची सृष्टी, जी गिअर बदलताना डोळे मिटते. पतसंस्थेतले आबासाहेब, जे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच पायाचे दोन मित्र समजतात. ही सगळी माणसं नवीन नगर रस्त्यावरून, बसस्टँडवरून, शाळा सुटायच्या वेळेला गाडी नेत होती, आणि त्यांना आवरायला मास्तरांकडं होती फक्त एक स्प्रिंग. आणि रोज सकाळी दहा पावलांवर ब्रेक तपासणारे आपण! उजव्या बाजूचा तपासला, हँडब्रेक तपासला. जो ब्रेक कायद्यानं आपल्यासाठी मागितला, त्याला एकदाही हात लावला नाही.

हर्षलनं चहा मागवला. मास्तरांनी तो तसाच थंड होऊ दिला.

घरी आल्यावर मरियाला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग आता रडू नका. केबल टाकायला किती दिवस?"

"सोमवारपर्यंत."

"तोपर्यंत क्लास बंद. अकराही जणांना फोन करा. आणि का बंद ते खरं सांगा. 'तांत्रिक कारण' वगैरे म्हणू नका. शाळेत असं म्हणणाऱ्याला मी कोपऱ्यात उभं करते."

मास्तरांनी दहा फोन केले. आबासाहेब म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मीच थांबवत होतो? वा!" आणि त्यांनी फोन ठेवला तो बहुतेक गावभर सांगण्यासाठी. सृष्टी घाबरली, मग हसायला लागली. अकरावा फोन मात्र मास्तरांच्या हातून लागेना. घाटात आपण काय म्हणालो होतो ते शब्दन् शब्द आठवत होतं. शेवटी रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी स्कूटर काढली आणि साकूरची वाट धरली.

वस्तीवर छगन अंगणात बाजेवर बसला होता. पलीकडं पिकअप उभी होती, बॉनेट उघडं. रंगुबाई गोठ्यातून हात पुसत आली. "मास्तर? आज सुट्टी न्हाई का?"

मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. केबल, गंज, दोन आठवडे. "घाटात गाडी मी थांबवली नव्हती रंगुबाई. तुम्ही एकटीनं थांबवली. आणि मी तुम्हालाच बोललो वर."

रंगुबाई म्हणाली, "मला ठाऊक हुतं."

"काय?"

"पयल्या आठवड्यात तुमी दाबलं, की माझ्या पायाखालचं पेडल आपसूक खाली जायचं. मंग एक दिस जायचं थांबलं. मला वाटलं, मास्तरांनी आता माझ्यावर सोडलं." ती पदराशी चाळा करत हसली. "त्या दिसापासनं मी नीट चालवाय लागले बगा. म्हनलं, एवढ्या मोठ्या मानसानं इस्वास टाकलाय."

बाजेवरून छगन म्हणाला, "बसा ना मास्तर. आमच्या घरात हिच्यावर सोडल्याशिवाय काई चालत न्हाई, ते आमाला लई वर्सांपूर्वीच कळलंय." मग रंगुबाईनं पिकअपचा नवा हँडब्रेक दाखवला. मास्तरांनी तो उतारावर तीन वेळा ओढून बघितला, गाडीला मागून खांदा लावून ढकललं. पिकअप ढिम्म हलली नाही. जेवल्याशिवाय त्यांना कुणी सोडलं नाही.

पक्क्या परवान्याची परीक्षा मार्चच्या शेवटी आरटीओच्या शिबिरात होती. मोटार वाहन निरीक्षक म्हणून पंकजा मॅडम आल्या होत्या, तिशीतल्या, उन्हाची टोपी घातलेल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधी मास्तर त्यांच्या टेबलाशी गेले आणि केबलची सगळी हकिगत सांगितली.

मॅडमनी कागदावरून मान वर केली. "आता दुरुस्त आहे ना?"

"आहे."

"मग मला कशाला सांगताय?"

"स्कूलचा परवाना तुमच्या ऑफिसनं दिलाय मॅडम. गाडीला दोन्हीकडं ब्रेक आहे म्हणून दिलाय. दोन आठवडे तो नव्हता."

मॅडम उठल्या. डाव्या सीटवर स्वतः बसल्या, मास्तरांना उजवीकडं बसवलं आणि पेडल दाबून बघितलं. मास्तरांच्या पायाखालचं पेडल खाली गेलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते भूत मास्तरांच्या स्वतःच्या पायाला जाणवलं. "लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. "नोटीस येईल, तिला उत्तर द्या. आणि उद्यापासून वही ठेवा. सकाळी तिन्ही ब्रेक तपासायचे आणि सही करायची." मग जाता जाता, "नोटिशीला घाबरू नका. असं स्वतःहून येऊन सांगणारं आजपर्यंत कुणी भेटलं नव्हतं."

रंगुबाईची पाळी आली. मॅडम डावीकडं बसल्या. गाडी वळणं घेऊन, मागं घेऊन चढावर आली. तिथं थांबवायची, हँडब्रेक लावायचा आणि मागं न घसरता पुन्हा निघायचं. रंगुबाईनं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. तेवढ्यात मॅडमना फोन आला आणि त्या बोलत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. फोन संपवून त्यांनी पाहिलं, तर बाईचे दोन्ही पाय पेडलवरून बाजूला आणि दोन्ही हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखे.

"ब्रेकवर पाय नाही ठेवला?"

"हँडब्रेक हाय की. कायद्यानं त्यानं एकट्यानं धरून ठेवाय पायजे." मग तिला शंका आली. "धरलंय ना?"

"धरलंय," मॅडम म्हणाल्या. लांब उभ्या असलेल्या मास्तरांना ऐकू काही आलं नाही. पण टोपीखाली मॅडम हसताना पहिल्यांदा दिसल्या.

नोटीस आली. मास्तरांनी दोन पानी उत्तर हातानं लिहिलं, मरियानं लाल पेनानं त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावलं. समज देऊन प्रकरण मिटलं. वही सुरू झाली.

एप्रिलच्या मध्यावर रंगुबाईची पिकअप दूध घेऊन धावू लागली. शेजारच्या सीटवर छगन बसायचा आणि प्रत्येक वळणावर सूचना द्यायचा. आठवड्याभरानं रंगुबाईनं त्याला घरीच ठेवलं.

मे महिन्यात एका सोमवारी तीच पिकअप मास्तरांच्या गाळ्यासमोर येऊन अलगद थांबली. मागच्या हौद्यातून तीन बायका उतरल्या. बनुबाई, जिची दोन एकर डाळिंबं होती. तिची सून रुपाली. आणि एक थोराड बाई, जिनं नाव सांगायच्या आधी गाडीला एक चक्कर मारून टायर दाबून बघितले.

"ह्या आमच्या वस्तीवरल्या," रंगुबाई म्हणाली. "शिकायचं म्हणत्यात."

मास्तरांनी तीन फॉर्म काढले, गाडीचं दार उघडलं आणि उत्साहानं सुरुवात केली, "हे बघा, कायद्यानं चारचाकीला..."

"ते कळंल हळूहळू," बनुबाई उजव्या सीटवर चढून बसत म्हणाली. "आधी हॉर्न कुठं हाय ते दाखवा."